सांडव्यावरचा तरोटा

आमच्या गावचा बांध फुटला तेव्हा मी केळझरात चहा पीत होतो. दुसरा कप. पाऊस असा की टपरीसमोरचा रस्ता दिसत नव्हता, आणि मी टपरीवाल्याला ऐकवत होतो की पडू दे लेका, यंदा वडधऱ्याच्या बांधात इतकं पाणी साठणार आहे की भर उन्हाळ्यात सांबार विकीन. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्या-मुंबईच्या लोकांनी उगाच इडली आठवू नये. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ताराचंदभाऊचं नाव दिसलं. त्यांचं रडगाणं मला पाठ होतं, म्हणून मी फोन वाजू दिला. तो तीनदा वाजला.

सांगायला बसलोच आहे तर आधी स्वतःचं कौतुक उरकून घेतो, पुढं त्याला जागा मिळणार नाही. मी गजेंद्र. वडधऱ्यात तीन एकरांत भाजी काढतो. बारा वर्षांपूर्वी पाणलोटाच्या कामात सरकारनं आमच्या नाल्यावर मातीचा बांध घातला, तेव्हापासून त्या बांधाच्या समितीचा अध्यक्ष मीच. सुरुवातीला दुसरा कोणी तयार नव्हता हे खरं, पण नंतर लोक मलाच धरून बसले. त्या बांधानं गावाचं रूप पालटलं. टेकडीवरून येणारं पाणी नाल्यातून पळून जायचं ते थांबलं, जमिनीत मुरलं, आणि खालच्या विहिरींना होळीपर्यंत पाणी राहू लागलं. ज्या गावात कापूस आणि तूर सोडून काही दिसत नव्हतं, तिथून रोज सकाळी वर्ध्याच्या बाजाराला वांगी, मेथी, पालक, चवळीच्या शेंगा जाऊ लागल्या.

मातीच्या बांधाला सांडवा असतो. म्हणजे बांधाच्या एका टोकाला, जरा खालच्या पातळीवर ठेवलेली मोकळी वाट. बांध भरला की जास्तीचं पाणी त्या वाटेनं निघून जातं. ते बांधाच्या डोक्यावरून गेलं तर माती टिकत नाही, बांध फुटतो. हे मला समितीच्या पहिल्याच प्रशिक्षणात शिकवलं होतं, आणि मी ते पुढं निदान शंभर लोकांना शिकवलं.

आणि तरी दरवर्षी आम्ही सांडवा बुजवायचो. पोळा झाला, पावसाचा जोर ओसरला, की युरियाच्या रिकाम्या पोत्यांत रेती भरून ती सांडव्यात रचायची. हातभर पाणी जास्त साठतं, आणि हातभर पाणी म्हणजे भाजीला आणखी एक महिना. ही युक्ती माझी. पहिल्या वर्षी मी नारळ फोडला आणि मग तो गावाचा रिवाजच झाला. अध्यक्षानं पहिलं पोतं ठेवायचं, बायकांनी हळदकुंकू वाहायचं, पोरांना गूळखोबरं वाटायचं. कोणी सरकारी माणूस येणार असं कळलं की पोती काढून ठेवायची, त्याची गाडी गेली की परत लावायची. यात कुणाला काही चुकीचं वाटत नव्हतं. पाहुणा यायच्या आधी घरातला पसारा आवरतात, तसंच ते.

यंदा दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. श्रावणात पाऊस तीन आठवडे गायब झाला, म्हणून मी पोळ्याची वाट न पाहता पोती लावून टाकली. आहे तेवढं तरी अडवू म्हटलं. दुसरी गोष्ट माझ्या रागाची. मागच्या साली परतीच्या पावसात माझी पोती पहिल्याच लोंढ्यात वाहून गेली होती. ‘गजेंद्रचा किल्ला एका पान्यात पडला’ असं आमच्या समितीचा सचिव कैलास आठवडाभर चौकात सांगत होता आणि गाव हसत होतं. म्हणून यंदा मी सांडव्यात लोखंडी सळया ठोकल्या आणि पोती तारेनं सळयांना आवळली. दुहेरी तार, पकडीनं पीळ देऊन. म्हटलं, आता वाहून दाखव.

विरोधात एकटे ताराचंदभाऊ होते. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. त्यांचं दीड एकर बांधाच्या अगदी खाली, नाल्याच्या पलीकडच्या काठाला, आणि घरही तिथंच उंचवट्यावर. घरात ते, अनुसयाबाई म्हणजे आमच्या वहिनी, आणि सून आचल. मुलगा पुलगावला कामाला.

‘गजू, पोळा तं होऊ दे,’ ताराचंदभाऊ म्हणाले होते. ‘आभायाचा काई भरोसा नाई.’

‘भाऊ, तुमी भेतच राहा,’ मी म्हणालो होतो. ‘भिऊन वांगं वाढत नाई.’

त्यानंतर ते रोज फोन करून तेच सांगायचे. म्हणून मी उचलत नव्हतो.

केळझरहून परत यायला मला पाच वाजले. गाडी गावाबाहेरच ठेवावी लागली. लोक बांधावर उभे होते आणि कोणी बोलत नव्हतं. आमच्या गावात दोन माणसं भेटली की तिसऱ्याची निंदा सुरू होते, तिथं साठ-सत्तर माणसं गप्प. मी गर्दीतून वाट काढत पुढं गेलो. बांधाच्या मधोमध दोन ट्रक शेजारी-शेजारी जातील एवढी खिंड पडली होती, आणि खाली ताराचंदभाऊचं शेत नव्हतं. वांगी गेली होती असं नव्हे. शेतच नव्हतं. काळी माती सगळी गेली होती, खालचा पिवळा मुरूम उघडा पडला होता आणि त्यावर टेकडीचे धोंडे येऊन बसले होते. ठिबकच्या नळ्या बाभळीवर लोंबत होत्या. विहीर होती तिथं गाळ होता, आणि गाळातून काठाचे दोन दगड वर आलेले. बारा वर्षं रोज पाहिलेली जागा, पण मला धुरा, म्हणजे शेताची हद्द, कुठं होता तेही सापडेना. मला फार तहान लागली होती, हे आठवतं. असं काही समोर असताना तहान कशी लागते याचं मला अजून नवल वाटतं.

‘ताराचंदभाऊ?’ मी कैलासला विचारलं.

‘सेवाग्रामले नेलं दवाखान्यात. पाय मोडला. मोटर काढाले गेलते मनते वहिनी. बांधावर होते तेवढ्यात बांध गेला, मातीसंग खाली आले. बाभयीले अटकले म्हनून वाचले.’

‘मोटरीसाठी जीव द्याले निघालते का?’ मी म्हणालो. ‘लय लोभ असला की असंच होते.’

हे मी चारचौघांत म्हणालो. दोघंतिघं हसलेसुद्धा. अशा वेळी काहीतरी बोलावं लागतं, आणि मला नेहमीच काहीतरी बोलायला सुचतं.

सांडवा खिंडीच्या पलीकडं, बांधाच्या वळणामागं होता. गावाकडून तिथं जायला दोन दिवस वाट नव्हती. तिसऱ्या दिवशी मी लांबून फेरा घेऊन गेलो. मनात धाकधूक होती, ती लपवत नाही. पाहतो तर सांडवा मोकळा. एक पोतं नाही, तारेचा तुकडा नाही. माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे पोती आधीच वाहून गेली होती, पाण्याला वाट मिळाली होती, आणि तरीही बांध फुटला होता. याचा अर्थ एवढ्या पावसापुढं कोणाचंच काही चाललं नसतं. गावातल्या लोकांनाही मी तेच सांगितलं आणि त्यांनी ते मानलं. पोत्यांवर हळदकुंकू सगळ्यांनीच वाहिलं होतं.

मग मी मोकळ्या मनानं सरकारला शिव्या द्यायला लागलो. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणत तहसीलला दोन चकरा मारल्या. कैलासनं मदतीचा कागद आणला. पुरानं फुटलेली पाणलोटाची कामं दुरुस्त करायला सरकार पैसा देणार होतं. खरडून गेलेल्या जमिनीला आणि बुजलेल्या विहिरीला वेगळी मदत होती. मात्र सगळं एकाच पंचनाम्यावर लटकलेलं. बांध नैसर्गिक आपत्तीनं फुटला असं त्यात आलं तर सगळं मिळणार. माणसाच्या हातानं पाणी अडवल्यामुळं फुटला असं आलं तर बांधाला काही नाही, आणि खालच्या शेताला नि विहिरीलाही काही नाही.

‘सांडवा मोकळा होता असं अध्यक्षानं सही करून द्या लागते,’ कैलास म्हणाला.

‘होताच मोकळा,’ मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

ताराचंदभाऊंना पायाला प्लास्टर घालून घरी आणलं त्या दिवशी मी भेटायला गेलो. ते औषधाच्या गुंगीत झोपले होते. अनुसया वहिनींनी बसायला सतरंजी टाकली. त्यांच्या दोन्ही तळहातांना फडकी गुंडाळलेली होती, हळदीनं पिवळी झालेली. मी समजलो, पुरात काहीतरी वाचवताना लागलं असेल.

‘माती भेटन ना गजेंद्र?’ त्यांनी विचारलं. त्यांनी माझं लग्न लावून दिलेलं, मला अरेतुरे करतात. ‘सरकार माती टाकून देईन मनते कैलास. नाई भेटली तं आचलले अन् मले बुटीबोरीले जा लागन कंपनीत. यायच्या पायाचं काई सांगता नाई येत.’

‘नाई कशी देत? मी बसलो हाय नं,’ मी म्हणालो, आणि अर्धा तास त्यांना सरकारी माणसं कशी कामचुकार असतात ते ऐकवलं. त्या ऐकत होत्या. आचलनं चहा आणला तर तिच्याही हाताला तसंच फडकं होतं. मी चहा पिऊन घरी आलो.

सहाव्या दिवशी पंचनामा झाला. वर्ध्याहून जलसंधारणच्या इंजिनिअर आल्या, मयुरी मॅडम. तिशीच्या आतल्या, पायात गमबूट, हातात टेप. मी मनात म्हटलं, ही पोरगी काय पाहणार. सगळं गाव खिंडीकडं गेलं, कारण पाहण्यासारखं तिथंच होतं. मॅडमनी दोन फोटो काढले, माप घेतलं, आणि कोणाला काही न विचारता सरळ सांडव्याकडं चालू लागल्या. आम्ही मागं मागं.

सांडव्याच्या खालच्या अंगाला तरोटा माजला होता. पावसाळ्यात हे रोपटं आमच्याकडं कुठंही उगवतं, गुडघाभर वाढतं, पिवळी फुलं येतात. कोवळा असताना त्याची भाजी करतात, जून झाला की जनावरही तोंड लावत नाही. त्यामुळं तरोट्याकडं कोणी पाहत नाही. मीही तिसऱ्या दिवशी पाहिलं नव्हतं.

‘अध्यक्ष, इकडे या,’ मॅडम म्हणाल्या. ‘यावरून पाणी गेलंय का, सांगा.’

मी पाहिलं. एक रोप वाकलेलं नव्हतं. खोडाला गाळाची रेघ नव्हती. पानं स्वच्छ, फुलं जागच्या जागी. शंभर पावलांवर एक शेत आणि एक विहीर नाहीशी झाली होती, आणि इथं तरोट्यावर फुलपाखरं बसत होती.

‘बांध डोक्यावरून वाहिला असं तुम्ही सगळे सांगताय,’ मॅडम शांतपणे बोलत होत्या. ‘तसं असेल तर पाणी त्याच्या आधी इथून जायला हवं. किती तरी वेळ जायला हवं. ते इथून गेलेलंच नाही.’ मग त्या वाकल्या. सांडव्याच्या तोंडाशी हराळीवर पिवळे चौकोन होते, ओळीनं, एकाला एक लागून. ऊन न मिळालेलं गवत पिवळं पडतं तसे. ‘इथं काही ठेवलं होतं?’

‘नाई जी,’ चारपाच जण एकदम म्हणाले. कैलासचा आवाज सगळ्यात मोठा होता.

पोती वाहून गेली नव्हती. माझी दुहेरी तार टिकली होती. गावानं हसू नये म्हणून दिलेला पकडीचा पीळ टिकला होता, आणि म्हणून बांध फुटला होता. अशा वेळी पायाखालची जमीन सरकली असं म्हणतात. पण ज्याच्या पायाखालची खरोखर सरकली तो माणूस समोरच्या घरात खाटेवर पडला होता, म्हणून ते शब्द मी स्वतःसाठी वापरत नाही.

मॅडम खिंडीकडं परत गेल्या आणि लोक त्यांच्या मागं गेले. माझ्या मनात एकच प्रश्न. पोती वाहून गेली नाहीत तर ती काढली कोणी? अनुसया वहिनी थोड्या लांब, त्यांच्या शेतातल्या धोंड्यांत उभ्या होत्या. फडक्यात गुंडाळलेले हात पोटाशी धरलेले. तेव्हा मला कळलं. मी त्यांच्याजवळ गेलो.

‘वहिनी, पोती?’

‘आमी काढली. म्या अन् आचलनं,’ त्या म्हणाल्या, भाजीचा भाव सांगावा तशा. ‘बांध फुटला त्याच्या दुसऱ्या रोजी. दवाखान्यातून आली अन् लागलो. चाळीस पोती होती. सेवाग्रामहूनच पक्कड इकत आनली, तिनं तार तोडली. सळया निंगे नाईत, त्या आत ठोकून देल्या. रेती नाल्यात सांडली अन् पोती चुलीत जाळली.’

‘काऊन?’

‘काऊन म्हंजे? सरकारी मानसानं पाह्यलं असतं तं आमाले काई भेटलं असतं का?’

मला वाटलं होतं एवढंच. पण त्या थांबल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही, धोंड्यांकडं पाहत बोलत होत्या.

‘तुह्ये भाऊ मोटर काढाले नाई गेलते. मोटर गेली चुलीत. ते तुह्यी पोती काढाले गेलते. पानी चढून राह्यलं होतं अन् तार तुटे नाई. इळ्यानं तोडून राह्यलते. मंग तुले फोन लावला, पक्कड कुठं ठेवली ते पुसाले. तीनदा लावला. मी जवळच उभी होती. तू उचलला नाई. मंग मने, मीच जातो त्याच्या घरी अन् घेऊन येतो पक्कड. बांधावरून पळत निंगाले. अर्ध्यात पोचले अन् बांध गेला.’

मी फोन काढून पाहिला. का पाहिला कोण जाणे, काय असणार ते मला माहीत होतं. दोन वाजून दहा मिनिटं, दोन चौदा, दोन सतरा. तेव्हा मी टपरीवाल्याला उन्हाळ्यातल्या सांबाराचं सांगत होतो. पक्कड माझ्या गाडीच्या डिकीत होती. ती माझ्या घरी नव्हतीच.

‘अन् मोटरीचं गावात कोन सांगतलं?’ मी विचारलं.

‘म्याच सांगतलं. दुसरं काय सांगू? पोती काढाले गेलते असं सांगू?’

चारचौघांतलं माझं ते लोभाचं वाक्य त्यांच्या कानावर गेलं असणारच. वडधऱ्यात असं काही कोणाच्या कानातून सुटत नाही. आणि तरी त्यांनी मला सतरंजी टाकली होती, चहा पाजला होता, आणि कामचुकार लोकांवरचं माझं भाषण अर्धा तास ऐकून घेतलं होतं. मी तिथून निघालो तो थेट मॅडमपुढं जाऊन उभा राहिलो.

‘मॅडम, सांडवा बंद होता,’ मी म्हणालो. ‘पोती होती तिथं. मी लावली. तारेनं बांधली. पावसानं नाई फुटला बांध. लिहून घ्या.’

मॅडमचा पेन थांबला. कैलासनं आ वासला तो वासलेलाच राहिला. आणि मागून अनुसया वहिनींचा आवाज आला, अजिबात घाई नसलेला.

‘कोनती पोती जी? मॅडम, याच्या बोलन्यावर जाऊ नोका. बांध फुटल्यापासून याच्या डोक्यावर परिनाम झाला. आमच्या घरी येऊन बी असंच काई काई बोलते.’

‘हो जी, झोपत नाई, जेवत नाई,’ कैलासनं लगेच पुस्ती जोडली. ‘बारा वर्सं जीव लावला बांधाले. धक्का बसला.’

चारपाच माना हलल्या. लोक माझ्याकडं कीव करून पाहू लागले. ती कीव इतकी हुबेहूब होती की क्षणभर मलाच वाटलं, खरंच डोकं फिरलं असेल माझं. कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला, कोणीतरी पाण्याची बाटली पुढं केली.

मॅडम मूर्ख नव्हत्या. त्यांनी वहिनींना विचारलं, ‘आजी, शेत तुमचं गेलंय. तुम्ही सांगा. सांडवा मोकळा होता?’

‘मोकळाच होता.’

‘आणि ते पिवळे चौकोन?’

‘गवताचे भारे ठेवतो आमी तिथं. जनावरायच्या चाऱ्याचे.’

मॅडमनी त्यांच्या हातावरच्या फडक्यांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्या मला म्हणाल्या, ‘अध्यक्ष, पंचनाम्यावर तुमची सही लागते. तुम्ही आत्ता बोललात ते लिहायचं की आजी सांगतात ते, हे तुम्हीच ठरवा. मी गाडीतून शाईचं पॅड घेऊन येते.’ आणि त्या स्वतः गाडीकडं गेल्या. ड्रायव्हर तिथंच उभा होता, त्याला पाठवलं नाही.

वहिनी माझ्याजवळ आल्या. लोक आपोआप दोन पावलं मागं सरले.

‘सही कर,’ त्या हळू म्हणाल्या.

‘वहिनी, मले नाई जमत. चूक माही हाय.’

‘हाय नं. तुहीच हाय. मी कवा मनलं नाई म्हनून?’ पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात धार आली. ‘तू आता बोलशीन, सारं सांगून मोकळा होशीन, तुले झोप लागन. अन् माह्या शेताचं काय? तुह्यं मन हलकं कराले माह्यं शेत नाई देत मी.’

मी जन्मभर लोकांना उत्तरं दिली. तलाठ्याला, सभापतीला, बाजारातल्या दलालाला, कोणालाच सोडलं नाही. त्या बाईपुढं मी खिशातला पेन काढला.

मॅडम परत आल्या. ‘बोला,’ म्हणाल्या.

‘सांडवा मोकळा होता,’ मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं, मग मोठ्यानं वाचून दाखवलं. अतिवृष्टी, नैसर्गिक आपत्ती, बांध, शेत, विहीर, सगळं आलं. मी सही केली. बारा वर्षांत शेकडो कागदांवर केली होती तशीच झाली, हात जरासुद्धा हलला नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. माझ्याखाली कैलासनं केली. वहिनींना पेन धरता येईना, म्हणून त्यांनी फडकं सोडून अंगठा दिला. तळहातावर तारेनं कापल्याच्या रेघा होत्या, आडव्या, अजून ओल्या. मॅडमनी त्या पाहिल्या आणि कागदाची घडी घातली.

गाडी गेली. लोक पांगले. कैलास माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘काय ॲक्टिंग केली बावा, मॅडमले पटलं नं वेडा हाय म्हनून.’ तो हसत निघून गेला. वहिनी घराकडं वळल्या होत्या. चार पावलं जाऊन थांबल्या.

‘बोलाचंच असन तं घरी चाल,’ त्या म्हणाल्या. ‘तुह्ये भाऊ जागे हायेत आज. त्यायच्यापुढं बोल.’

मॅडमपुढं बोलायला मला दम घ्यावा लागला नव्हता. वहिनींच्या मागं ती साठ-सत्तर पावलं चालताना दोनदा वाटलं, परत फिरावं. धोंड्यांतून वाट नव्हती, त्या पुढं जाऊन पाय कुठं ठेवायचा ते दाखवत होत्या. अंगणात आचल धुतलेली भांडी पालथी घालत होती. तिनं मला पाहिलं आणि काम थांबवलं नाही. आतून ताराचंदभाऊचा आवाज आला.

‘कोन, गजू का? ये, आत ये. काय मने मॅडम? बांध होऊन जाईन नं पुढच्या पावसाच्या आत?’

मी दारात चपला काढल्या आणि तसाच उभा राहिलो.